देव न्याय करील, म्हणून आपण गप्प बसायचं?

शेवंती

सर्वांना सलाम.

बरेच दिवस मनात घोळत असलेला विषय मांडते आहे. ख्रिस्ती वाचकांनी लिहावंच, पण बाकीच्यांनीही लिहावं, कारण अन्याय कुणाचा धर्म विचारून होत नाही.

आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, काही बाया शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात साफसफाईला आहेत. रुग्णालयाच्या पटावर नाहीत, ठेकेदाराच्या. पगारातून पी.एफ. कापला जातो, पण भरला जात नाही. हे उघडकीला आलं ते एकीच्या मुलीने मोबाईलवर आईचं पासबुक उघडलं म्हणून. नोंदी गेल्या दिवाळीपर्यंतच्या, त्यापुढे काही नाही. मी ते डोळ्यांनी पाहिलं. मावशींच्या एका हातात पगाराची चिठ्ठी, तिच्यावर दर महिन्याची कपात छापलेली. दुसऱ्या हातात मुलीचा मोबाईल. चिठ्ठीवर बोट ठेवायच्या, मग मोबाईलवर तोच महिना शोधायच्या. "मग हे पैसे गेले कुठं?" एवढंच विचारत होत्या.

बुधवारच्या प्रार्थनासभेत हा विषय निघाला. एका ज्येष्ठ बंधूंनी रोमकरांस पत्राचा बारावा अध्याय काढला: सूड घेणं माझ्याकडे आहे, मी फेड करीन, असं प्रभू म्हणतो. तेव्हा देवावर सोपवा. सगळ्यांनी आमेन म्हटलं, चहा झाला, बाया घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पाळीला हजर झाल्या.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. हा ठेकेदार ख्रिस्ती आहे. दुसऱ्या मंडळीचा सभासद, पण नाताळात आमच्या चर्चला त्याने मोठी देणगी दिली. नवी साउंड सिस्टीम त्यातूनच आली.

देव न्याय करील यावर माझा पूर्ण विश्वास आहे. माझा प्रश्न एवढाच, की बायबलमधला देव न्यायाबद्दल बोलतो तेव्हा तो नेमकं कशाबद्दल बोलतो? अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात तो मजुरीबद्दल बोलतो. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे, त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो. नाहीतर तो माझ्याकडे गाऱ्हाणं करील आणि तुला पाप लागेल. आमोस ८ मध्ये तो मापाबद्दल बोलतो. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, कधी एकदा संपतो आणि आपण दुकान कधी उघडतो याची वाट पाहणारे व्यापारी, माप लहान केलेलं, वजन वाढवलेलं, गव्हाच्या नावाखाली भुसा विकलेला. याकोब ५ मध्ये शेत कापणाऱ्यांची अडकवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि तो आवाज सेनाधीश प्रभूच्या कानी जातो. हे सगळं याच जगातलं आहे. तागडी, हजेरी, पगाराची तारीख.

आणि लूक १८. न्यायाधीश असा, की देवाला भीत नाही आणि माणसाला जुमानत नाही. विधवा रोज त्याच्या दारात. शेवटी तो कंटाळून न्याय देतो. खचून न जाता सतत प्रार्थना करावी हे शिकवायला येशूने हा दाखला सांगितला. प्रार्थनेचं चित्र म्हणून त्याने डोळे मिटून बसलेला कुणी साधू निवडला नाही, न्यायासाठी खेटे घालणारी एक बाई निवडली. मग आमच्या बायांना आम्ही प्रार्थना करा म्हणून घरी कसं पाठवतो?

तुमच्याकडे अशा वेळी काय करतात?

प्रवासी_नेवासा

शेवंतीबाई, सलाम. तळमळ पोचली. तरी थोडं वेगळं मत मांडतो.

मी अनेक वर्षं मंडळीच्या कामात आहे. अन्याय झालेली माणसं पाहिली, तशी न्याय मिळवता मिळवता कडू झालेली माणसंही पाहिली. कोर्टकचेरीत पंधरा वर्षं गेली, जमीन परत मिळाली, पण सख्ख्या भावाच्या मयतीला गेले नाहीत असं घर मला माहीत आहे. रोमकरांस पत्र लिहिणाऱ्या पौलाने सूड देवाकडे सोपवायला सांगितलं ते आपल्या जिवाच्या काळजीने. त्याच अध्यायात पुढे तो म्हणतो, शत्रूला भूक लागली तर जेवू घाल.

आसाफाचं ७३ वं स्तोत्र वाचा. दुष्टांची भरभराट पाहून त्याचा पाय घसरायला आला होता. कुठे सावरला? देवाच्या मंदिरात गेला तेव्हा. तिथे त्याला त्यांचा शेवट दिसला. आणि आपला प्रभू तर खटल्यात रोमी सुभेदार पिलातासमोर गप्प राहिला. दुसरा गाल पुढे करा म्हणाला. शिवाय ठेकेदार विश्वासणारा आहे म्हणता, तर १ करिंथ ६, म्हणजे पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय, आडवा येतो. भावाने भावाला अविश्वासणाऱ्यांच्या न्यायालयात खेचू नये.

बायांना पैसे मिळू नयेत असं मी म्हणत नाही. वाट कोणती, एवढंच म्हणतो.

बावखल

ताई, वसईहून लिहितोय. आम्ही कॅथलिक, त्यामुळे शब्द थोडे वेगळे येतील, सांभाळून घ्या.

आमच्या शिकवणुकीत काही पापं अशी मानली आहेत जी थेट स्वर्गाकडे आक्रोश करतात. आबेलाचं रक्त त्यातलं एक. मजुराची मजुरी लुबाडणं हेही त्याच यादीत, खुनाच्या शेजारी. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये कामगारांच्या स्थितीवर परिपत्रक काढलं त्यात याकोबाचं हेच वचन घेऊन मजुरी बुडवणं हा मोठा अपराध ठरवला. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी लिओ हे नाव घेतलं ते मुख्यतः त्या परिपत्रकाची आठवण ठेवून, असं त्यांनी स्वतः सांगितलं. म्हणजे हा विषय कुठल्या कोपऱ्यातला नाही.

आणि प्रवासी काका, वाटेबद्दल म्हणाल तर आम्हाला ती आमच्या धर्मगुरूंनी दाखवली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे बऱ्याच जणांना उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून माहीत. आम्हाला ते हरित वसईच्या लढ्यामुळे माहीत. वाड्या बिल्डरांच्या घशात जात होत्या, विहिरींचं पाणी टँकरने उपसलं जात होतं, गुंडांची दहशत होती. तेव्हा हे फादर पांढऱ्या झग्यात लोकांच्या पुढे उभे राहिले. माझ्या लहानपणी घरात नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट निघाली की आजी म्हणायची, ही तर आपल्या वाडीची गोष्ट.

नाबोथाची गोष्ट सगळ्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो (१ राजे २१). अहाब राजाला नाबोथाचा मळा हवा, राजवाड्याला लागून आहे म्हणून. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांचं वतन आहे, विकणार नाही. राजा रुसून जेवायचा थांबतो. राणी ईजबेल राजाच्या नावाने पत्रं लिहिते, त्यावर राजाची मोहोर लावते. गावात उपास पुकारला जातो, दोन भाडोत्री साक्षीदार उभे राहतात आणि नाबोथाला दगडमार होतो. सगळं रीतसर. कागद, मोहोर, साक्षी, धार्मिक विधीसुद्धा. राजा मळ्याचा ताबा घ्यायला जातो तर तिथे देवाचा संदेष्टा एलीया उभा. खून करून वतनही बळकावलंस काय, असं तोंडावर विचारतो. देवाने एलीयाला मळ्यात पाठवलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

कामगार_कारकून

मी ख्रिस्ती नाही. कामगारांच्या तक्रारींचं काम आयुष्यभर केलं, म्हणून तेवढ्यापुरतं लिहितो.

शेवंतीताई, त्या बायांना सांगा की हे "पैसे अडकले" असं प्रकरण नाही, याहून गंभीर आहे. पगारातून कामगाराचा हिस्सा कापला की तो पैसा मालकाचा राहत नाही. मालकाने स्वतःच्या हिश्श्यासकट तो पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. कापून न भरणं हा फौजदारी विश्वासघात धरला जातो. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या ४०५ कलमाच्या स्पष्टीकरणात तसं लिहिलेलं होतं, आता भारतीय न्याय संहितेच्या ३१६ कलमात आहे.

दुसरं, ठेकेदाराने भरले नाहीत म्हणून रुग्णालयाला हात झटकता येत नाहीत. ठेकेदाराच्या कामगारांचा पी.एफ. भरला जातो की नाही हे पाहायची जबाबदारी मूळ मालकाची, म्हणजे इथे रुग्णालयाची. त्यांनी ठेकेदाराच्या बिलातून ते वसूल करावेत.

काय जमवायचं: पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेच्या पासबुकातल्या पगाराच्या नोंदी, ओळखपत्राचा फोटो, पी.एफ. पासबुकाची प्रत. चिठ्ठ्यांचे फोटो आजच काढून ठेवा, कागदाची शाई उडते. तक्रार पी.एफ. कार्यालयाच्या पोर्टलवर करता येते. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात त्यांचं शिबिर असतं, तिथे अधिकारी समोर बसतो. शक्यतो सगळ्यांनी मिळून करा. एकट्या बाईला दुसऱ्या दिवशी कामावरून बसवतात, सगळ्यांना बसवलं तर रुग्णालय बंद पडतं.

तिसरी_पिढी

प्रवासी काकांच्या तीन वचनांबद्दल.

पहिलं, दुसरा गाल. येशूच्या स्वतःच्या गालावर मारलं गेलं ते योहान १८ मध्ये. महायाजकापुढे शिपायाने चपराक मारली. तेव्हा तो म्हणाला, मी वाईट बोललो असेन तर सिद्ध कर. बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? त्याने परत हात उचलला नाही, पण जाब विचारला.

दुसरं, पौल. फिलिप्पै शहरात त्याला आणि त्याचा सोबती सीलाला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांचा निरोप आला, गुपचूप सोडून द्या. पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक. चारचौघांत मारलंत आणि आता चोरून सोडता? त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. आणि ते आले, विनवण्या केल्या. पुढे कैसरियातल्या सुनावणीत त्याने कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. सूड देवाकडे सोपवा असं लिहिणारा माणूस हाच. सूड आणि दाद यांत फरक आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तिसरं, १ करिंथ ६. तिथे पौल आधी विचारतो, तुमच्यात निवाडा करू शकेल असा एकही शहाणा नाही का? म्हणजे मंडळीने निवाडा करावा. मंडळी बसायलाच तयार नसेल तर बायांना कोर्टाचं दार बंद करायचा अधिकार तिला कुठून आला? आणि त्याच ठिकाणी पौल लुबाडणाऱ्यांना झापतो: तुम्हीच अन्याय करता, लुबाडता, तेही भावांना. ही ओळ आपल्याकडे कुणी वाचत नाही.

आता माझ्या घरचं. माझ्या आजोबांनी गावकुसाबाहेरून येऊन बाप्तिस्मा घेतला. त्यांना वाटलं, जात गेली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढा म्हणून सांगितलं. २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला. आजोबा वारले, वडील वारले, मी निवृत्तीला आलो. गावाने आम्हाला कधी जात विसरू दिली नाही आणि सरकार म्हणतं तुम्हाला जात नाही.

पण सरकारला दोष देऊन मी थांबणार नाही. चर्चमध्येही लग्न जमवताना "मूळचे कोण" हा प्रश्न येतोच. याकोब ५ मधली मजुरी सगळ्यांना आठवते. त्याच याकोबाचा दुसरा अध्याय काढा. सोन्याची अंगठी घातलेला माणूस सभेत आला की त्याला चांगली जागा, मळक्या कपड्यांतल्याला म्हणता, तू तिथे उभा राहा किंवा माझ्या पायांशी बस. देणगीदार ठेकेदार तुमच्याकडे आला तेव्हा कुठे बसला होता, शेवंतीबाई? आणि मावशी कुठे बसतात?

शेवंती

तिसरी_पिढी दादा, तो पहिल्या बाकावर बसला होता. मावशी दाराजवळ बसतात, कारण उपासना संपायच्या आत त्यांना दुपारच्या पाळीची बस धरायची असते. तुमच्या प्रश्नानंतर बराच वेळ काही लिहवलं नाही.

कारकून साहेब, तुमचे मनापासून आभार. फोटो काढायला सांगितले आहेत.

चाफा

नमस्कार. मी हिंदू आहे, उत्सुकतेने वाचते आहे. आमच्याकडे आजी म्हणायची, केलेलं इथेच फेडावं लागतं. गरिबाचा तळतळाट लागतो असंही म्हणतात. तुमचा देवाचा न्याय आणि हे एकच आहे की वेगळं? आणि उलट बाजूने, ज्याच्यावर अन्याय होतो त्याचं काही मागचं पाप असेल असं तुमच्याकडे मानतात का?

बावखल

चाफाताई, तळतळाटापुरतं म्हणाल तर आम्ही फार लांब नाही. अनुवाद आणि याकोब तेच सांगतात, गरिबाचं गाऱ्हाणं ऐकणारा कुणीतरी आहे.

पण दुसऱ्या प्रश्नाला येशूने स्पष्ट नाही म्हटलं आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली. येशू विचारतो, यरुशलेमात राहणाऱ्या बाकीच्यांपेक्षा ही माणसं जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं? मी सांगतो, नाही (लूक १३). जन्मांध माणूस दिसला तेव्हा शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? कुणाचंच नाही, असं उत्तर मिळालं (योहान ९). आणि ईयोबाचं अख्खं पुस्तक याच प्रश्नावर आहे. त्याचे मित्र पानंच्या पानं देवाची बाजू घेऊन त्याला सांगत राहतात की तुझं काहीतरी चुकलंच असणार. शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो आणि म्हणतो, माझ्याविषयी खरं बोलला तो ईयोब. देवाशी भांडणारा, मला न्याय हवा म्हणून ओरडणारा ईयोब.

दुर्दैवाने आमच्यातही "तुमच्या विश्वासात कमी आहे म्हणून असं झालं" म्हणणारे वाढलेत. ते ईयोबाच्या मित्रांच्याच रांगेत बसतात.

केडगावची

सलाम. माझं आजोळ केडगावच्या मुक्ती मिशनच्या आवारातलं, म्हणून पंडिता रमाबाईंचं नाव आल्याशिवाय मला राहवणार नाही.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे दुष्काळात स्वतः जाऊन उपाशी बायामुलींना केडगावला आणलं, हे शाळेच्या पुस्तकात असतं. फारसं सांगितलं जात नाही ते १८९७ च्या प्लेगचं. पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळात बायकांची जी हेळसांड चालली होती तिच्याबद्दल रमाबाईंनी वर्तमानपत्रात पत्र लिहून सरकारला जाब विचारला. सरकार इंग्रजांचं, म्हणजे ख्रिस्ती राज्यकर्त्यांचं. रमाबाई ख्रिस्ती. पैशाची मदत परदेशातल्या ख्रिस्ती लोकांकडून येणारी. गप्प बसायला सगळी कारणं होती. त्या बसल्या नाहीत. आणि ही बाई प्रार्थनेत कमी होती असं कुणी म्हणू शकेल का? मुक्तीत रात्ररात्र प्रार्थना चालायची.

प्रार्थना करणारे आणि लढणारे अशी वाटणी आपण का करतो, तेच मला समजत नाही.

प्रवासी_नेवासा

सगळ्यांचं वाचलं. तिसरी_पिढी बंधूंनी १ करिंथ ६ ची पुढची ओळ दाखवली, ती मान्य.

मग मत्तय १८ प्रमाणे जा. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन त्याला दाखव. ऐकलं नाही तर एकदोघांना घेऊन जा. तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग. ही येशूने घालून दिलेली पायरी आहे. थेट तक्रार कशासाठी? त्या बाया ठेकेदाराला भेटल्या आहेत का?

शेवंती

काका, तुम्ही मुद्द्याचं विचारलंत. एक मावशी भेटल्या होत्या, मुकादमामार्फत. उत्तर मिळालं, काम नको असेल तर सांगा, गेटवर दहा जणी उभ्या आहेत.

मत्तय १८ दोन भावांमधलं आहे. भाऊ भावासमोर उभा राहू शकतो. ज्याच्या हातात उद्याची हजेरी आहे त्याच्यासमोर एकटी बाई कशी उभी राहील? बायबलमध्ये अशा वेळी काय झालं ते पाहा. दाविदाने बथशेबाला उचलून आणलं, तिच्या नवऱ्याला लढाईत मारवलं. तिने जाऊन दाविदाला त्याचा अपराध दाखवावा अशी अपेक्षा देवाने केली नाही. देवाने नाथान संदेष्ट्याला पाठवलं. नाथानाची दरबारात ऊठबस होती, राजा त्याचं ऐकायचा. त्याने गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली, राजाला संताप आला, आणि मग नाथान म्हणाला, तो माणूस तूच.

बावखल म्हणाले तो एलीया, आणि हा नाथान. देवाचा न्याय आला तो पायी चालत, कुणीतरी जाऊन आणला. माझं म्हणणं आता मला स्वतःलाच नीट सांगता येतंय: मावशींनी ठेकेदाराकडे जायचं नाही. ज्यांचं तो ऐकतो त्यांनी जायचं. पाळकसाहेबांनी, कमिटीच्या सेक्रेटरींनी, तुमच्यासारख्या जुन्या माणसांनी. त्याच्याशी ज्यांनी नाताळात हात मिळवला त्यांनी.

त्या बायांमध्ये दोघी ख्रिस्ती नाहीत, हेही सांगते. त्यांच्यासाठीही जायचं.

बावखल

शेवंतीताई, देणगीबद्दल तुम्ही पहिल्यांदा लिहिलंत तेव्हापासून एक आठवतंय.

आमच्या बायबलमध्ये सिराखचं पुस्तक आहे, तुमच्या प्रोटेस्टंट बायबलमध्ये ते नसतं. त्याच्या ३४ व्या अध्यायात आहे की गरिबाच्या मालातून केलेलं अर्पण म्हणजे बापासमोर मुलाला मारण्यासारखं, आणि मजुराची मजुरी हिरावणारा रक्त सांडणारा आहे.

१५१४ मध्ये बार्तोलोमे दे लास कासास हे स्पेनचे पाद्री क्युबात होते. जमीन आणि तिच्यावर राबणारे तिथले मूळ रहिवासी त्यांच्या वाट्याला आलेले होते. पेन्टेकॉस्टच्या सणाच्या प्रवचनाची तयारी करताना हा अध्याय त्यांच्यासमोर आला आणि त्यांना पुढे जाता येईना. आपल्याकडची माणसं त्यांनी सोडून दिली, आणि मग भर प्रवचनात वसाहतवाल्यांना सांगितलं की तुम्ही करता आहात तो अन्याय आहे. उरलेलं आयुष्य त्याच भांडणात घालवलं. त्यांनी एकदा आफ्रिकेतून गुलाम आणावेत अशी सूचनाही केली होती आणि पुढे त्याचा पश्चात्ताप लिहून ठेवला. म्हणजे माणूस निष्कलंक नव्हता. पण त्या अध्यायाकडे त्याने डोळेझाक केली नाही.

चर्चला मिळालेल्या देणगीत बायांचा पी.एफ. असेल तर ते अर्पण कुणाचं?

आणि मंडळ्यांनी स्वतःकडेही पाहावं. घंटा वाजवणारा, आवार झाडणारी, मिशनच्या शाळेतली आया, संस्थेच्या दवाखान्यातली परिचारिका. "सेवा समजून करा" म्हणत त्यांना किमान वेतनही न देणाऱ्या संस्था आहेत. यिर्मया २२ मध्ये शेजाऱ्याकडून फुकट काम करून घेऊन माड्या बांधणाऱ्याला हाय हाय म्हटलं आहे. सेवेच्या नावाखाली केलं म्हणून त्याला सूट नाही.

चाफा

एक शेवटचं विचारते, दुखावण्यासाठी नाही. पी.एफ. कदाचित मिळेल. पण ज्यांना न्याय मिळालाच नाही आणि ते गेले, त्यांचं काय? फादर स्टॅन स्वामींबद्दल वाचलं तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे.

शेवंती

चाफाताई, दुखावलं नाही. हा प्रश्न टाळून देवाच्या न्यायावर बोलताच येणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: झारखंडच्या आदिवासींमध्ये आयुष्य काढलेले जेजुइट फादर. ऑक्टोबर २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणात अटक. आरोप त्यांनी नाकारले होते. कंपवातामुळे हातात पेला धरता येत नव्हता, तर तळोजा तुरुंगात नळीचा पेला मिळावा म्हणून न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या रुग्णालयात गेले, वय ८४. जामिनाचा अर्ज उच्च न्यायालयात पडून होता.

याला "देवाची योजना" म्हणायला माझी जीभ वळणार नाही. बायबलसुद्धा म्हणत नाही. प्रकटीकरण ६ मध्ये मारले गेलेल्यांचे आत्मे वेदीखालून मोठ्याने ओरडतात, हे प्रभू, किती वेळ? स्वर्गात पोचूनही त्यांची तक्रार संपलेली नाही. देव त्यांना गप्प करत नाही. शुभ्र झगा देतो आणि थोडं थांबा म्हणतो.

माझा विश्वास ज्यावर उभा आहे ते पुनरुत्थान. येशूवर खटला चालला. खोटे साक्षीदार आले. पिलाताला आरोपी निर्दोष दिसत होता तरी त्याने गर्दीला घाबरून शिक्षा दिली आणि हात धुतले. निकाल लागला, अंमलबजावणी झाली, कबरीवर शिक्का बसला. तिसऱ्या दिवशी देवाने तो निकाल फिरवला. प्रेषितांनी यरुशलेमात उभं राहून हेच सांगितलं: तुम्ही मारलंत, देवाने उठवलं. माझ्यासाठी न्यायाची आशा ही आहे, की माणसांच्या न्यायालयाचा निकाल शेवटचा नाही. ज्यांचा निकाल इथे चुकला त्यांची फाईल बंद झालेली नाही. मी हे सिद्ध करून दाखवू शकत नाही. मी यावर जगते.

आणि ज्याला हे खरंच वाटतं त्याने पिलातासारखं पाणी मागवून हात धुवायला बसू नये, असं मला वाटतं.

प्रवासी_नेवासा

शेवंतीबाई, तुमची मंडळी माझ्या भाचीच्या गावची निघाली. पाळकसाहेबांशी फोनवर बोललो. शनिवारी कमिटीची बैठक आहे. ठेकेदाराच्या मंडळीतले एक वडील माझ्या ओळखीचे आहेत, त्यांनाही बोलावतो. त्याला भेटायला जायचं ठरलं तर मी बरोबर येईन.

दोन अटी. त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करून निघायचं, आणि ती त्याचा नाश मागणारी नको. जकातदार जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत केलं तेव्हा येशू म्हणाला, आज या घराला तारण प्राप्त झालं. ठेकेदाराच्या घरालाही ते व्हावं असं मला मनापासून वाटतं. दुसरी अट, या प्रकरणी आपण जे पत्र देऊ त्यात देणगीचा उल्लेख नको. आपण मदत घेतली आणि तीच तोंडावर मारतो असं होईल.

शेवंती

काका, तुम्ही येणार हे वाचून किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही. पहिली अट मान्य. मावशींनी तर आधीच त्याच्या मुलांची नावं घेऊन प्रार्थना सुरू केली आहे.

दुसरी मान्य नाही. देणगीचा उल्लेख राहील. बायांचे पैसे भरले जाईपर्यंत तेवढी रक्कम चर्चने वेगळी काढून ठेवावी आणि भरले नाहीत तर परत करावी, अशी मागणी मी शनिवारी मांडणार आहे. साउंड सिस्टीम विकावी लागली तरी चालेल. वचन माईकशिवायही ऐकू येतं.

कामगार_कारकून

मध्ये बोलतो, क्षमा असावी. पत्रं दोन करा. पहिलं रुग्णालयाच्या प्रशासनाला, प्रत पी.एफ. कार्यालयाला. त्यात फक्त बायांची नावं, यूएएन क्रमांक (पी.एफ.चा खाते क्रमांक), महिने, कापलेली रक्कम. त्यावर बायांच्या सह्या. कुणी सही करत नसेल तर अंगठा आणि शेजारी साक्षीदाराची सही. देवाधर्माचं आणि देणगीचं एक अक्षर त्यात नको, नाहीतर ठेकेदार म्हणेल की हा चर्चमधला आपसातला वाद आहे. देणगीचं पत्र वेगळं, ते तुमच्या कमिटीला, त्यात तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा.

पहिलं पत्र शनिवारपर्यंत थांबवू नका. बैठक होवो न होवो, ते उद्या आवक विभागात द्या आणि पोच घ्या, तारखेच्या शिक्क्यासकट. पोच मावशींकडे ठेवू नका, तुमच्याकडे ठेवा. त्यांच्याकडे झेरॉक्स.